महाविद्यालय लहान असावें कीं मोठें?

बारावीचा निकाल लागला म्हणजे प्रतिवर्षीं आमच्या विद्यार्थ्यांच्या घरोघरीं एकच वाद सुरू होतो. मुलास अभियांत्रिकी किंवा व्यापार-व्यवस्थापन शिकावयाचें असतें. वडील म्हणतात, नांवाजलेल्या मोठ्या विद्यापीठांत जा. आई म्हणते, जवळचें लहान महाविद्यालयच बरें. आणि शेजारी तर दोन्ही बाजूंचीं उदाहरणें घेऊन तयारच असतात. प्रश्न विद्यार्थ्याच्या तीन-चार वर्षांचा व पुष्कळदां कुटुंबाच्या सगळ्या शिलकीचा असतो. म्हणून त्याचा येथें क्रमानें विचार करूं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, आपल्याकडे विद्यापीठ व महाविद्यालय यांचा संबंध कांहींसा निराळा आहे. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें तें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. महाविद्यालयांनीं शिकवावें, आणि विद्यापीठानें परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी ती वांटणी होती. पुढें विद्यापीठानें स्वतःचे अध्यापन-विभाग काढले, तरी संलग्न महाविद्यालयांची पद्धति आजही चालू आहे. स्वायत्त महाविद्यालयें अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवितात. पदवी मात्र विद्यापीठाचीच असते. याचा परिणाम असा कीं, एकाच विद्यापीठाची एकच पदवी घेतलेल्या दोघांपैकीं एकास उत्तम शिक्षक व सुसज्ज प्रयोगशाळा लाभलेली असते, आणि दुसऱ्यास यांतील कांहींच नाहीं. पदवीपत्रावरील नांवावरून मधल्या वर्षांची पारख होत नाहीं.

शिवाय लहान आणि मोठें हा भेद दिसतो तितका सरळ नाहीं. पुण्याचें अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ सालीं सार्वजनिक बांधकाम खात्यास माणसें तयार करून देणारी एक शाळा म्हणून निघालें. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेथेंच शिकले. प्रथम मुंबई व नंतर पुणें विद्यापीठाच्या छत्राखालीं दीर्घकाळ काढून २०२२ सालीं तें स्वतःच विद्यापीठ झालें. उलट, मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ सालीं निघाला, तो मोठ्या वाड्यांतील एका बिऱ्हाडासारखा. डॉ. रघुनाथ माशेलकर त्या विभागाचे विद्यार्थी. त्यालाही २००८ सालीं अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणून संस्था केवढी आहे एवढेंच न विचारतां, आपण ज्या वर्गांत बसणार तो केवढा आहे, हेंही विचारावें.

अभियांत्रिकी ही हाताची विद्या आहे. लेथवर स्वतः काम केल्यावांचून, विजेचें मापन स्वतः घेतल्यावांचून ती अंगीं बाणत नाहीं. यंत्रें महाग असल्यामुळें मोठ्या संस्थेंत तीं अधिक व नवीं असण्याचा संभव असतो. परंतु एकानें यंत्र चालवावें आणि वीस जणांनीं नुसतें पाहावें, अशी स्थिति असेल तर त्यांचा उपयोग काय? यास्तव एका यंत्रामागें विद्यार्थी किती, हें विचारावें. दुसरें असें कीं, आज यंत्रशाखेच्या विद्यार्थ्यासही इलेक्ट्रॉनिक्स व संगणक यांचें ज्ञान लागतें. जेथें दोन-तीनच शाखा आहेत, तेथें हे शेजारचे विषय शिकण्याची सोय आहे कीं नाहीं, तें पाहावें. ज्याचा शाखेविषयींचा निश्चय अजून झाला नसेल त्यास अनेक शाखांची संस्था सोयीची; मात्र पहिल्या वर्षानंतर शाखा बदलण्याचा नियम काय आहे, हें त्यानें आधींच पाहून ठेवावें.

व्यवस्थापनाच्या शिक्षणास यंत्रांपेक्षां बाजार आणि माणसें अधिक लागतात. सिडनहॅम कॉलेज १९१३ सालीं मुंबईंत निघालें. बंदर, पेढ्या व शेअरबाजार ज्या शहरांत आहेत तेथें व्यापाराचें शिक्षण नुसत्या पुस्तकांत राहत नाहीं. मोठ्या संस्थेंत नाना विषयांचे सोबती मिळतात हाही लाभच. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ सालीं सुरू झाली. तिनें १९९५ सालीं व्यवस्थापनाची शाळा काढली, आणि दोन्ही विद्या एकाच आवारांत आल्या. तथापि दीडशेंच्या वर्गांत भित्र्या मुलास मागच्या बाकावर दडून राहतां येतें. तीसांच्या वर्गांत उभें राहून ताळेबंद समजावून सांगावाच लागतो, आणि तो गैरहजर राहिला तर शिक्षकांच्या लक्षांत येतें.

परंतु लहानपण हा कांहीं स्वतःसिद्ध गुण नव्हे. जेथें शिक्षक दर सहामाहीस बदलतात, तेथें वर्ग लहान असूनही कोणी कोणास ओळखत नाहीं.

मुलींच्या बाबतींत आम्हांस विशेष सांगावयाचें आहे. मुलगा दूर शहरीं आणि मुलगी जवळ असेल तेथें, असा निर्णय पुष्कळ घरीं विचारावांचूनच होतो. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस केंद्रीय प्रवेशानें मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्काची पूर्ण सवलत देण्याचें ठरविलें. तेव्हां खर्चाचें कारण सांगण्यापूर्वीं पालकांनीं हा नियम वाचावा. जवळचें महाविद्यालय चांगलें असेल तर तें अवश्य घ्यावें. केवळ जवळ आहे म्हणून घेऊं नये.

विद्यार्थिमित्रहो, पसंतीक्रमाचा अर्ज भरण्यापूर्वीं दोन-तीन संस्था स्वतः पाहून या. समारंभाच्या दिवशीं जाऊं नका; साध्या कामाच्या दिवशीं जा. प्रयोगशाळेंत मुलें काम करीत आहेत कीं दारास कुलूप आहे, तें पाहा. पहिल्या वर्षाचें गणित कोण शिकवितो आणि तो किती वर्षें तेथें आहे, तें विचारा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस गांठून, आपल्या अडचणी तुम्ही कोणाकडे नेतां, असें विचारा. जेथें ते एखाद्या शिक्षकाचें नांव चटकन सांगतील, ती संस्था लहान असो वा मोठी, पसंतीक्रमांत वर ठेवा. मिळालेलीं उत्तरें कागदावर लिहून आणा, घरीं आईवडिलांस वाचून दाखवा, आणि मग सर्वांनीं मिळून क्रम ठरवा.