समद्विभुज त्रिकोणातील न दिलेला कोन

वाराणसीच्या मानमंदिर घाटावर अंबरचे राजे मानसिंह यांनी इ. स. १६०० च्या सुमारास बांधविलेला वाडा आहे. त्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहांनी १७३७ च्या सुमारास वेधशाळा उभारली. तिच्यातील सम्राटयंत्र हे दगडचुन्याचे सूर्यघटिकायंत्र होय. त्याची मधली भिंत काटकोन त्रिकोणाच्या आकाराची असून तिची तिरपी कड क्षितिजाशी वाराणसीच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे २५ अंश १९ कलांचा कोन करून ध्रुवाकडे रोखलेली आहे. भिंतीच्या दोन्ही अंगांना वर्तुळाच्या चतुर्थांशाएवढे दोन कंस आहेत. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या कंसावर पडते, माध्यान्हानंतर पूर्वेच्या.

यंत्र पाहावयास येणाऱ्याची नजर त्या काटकोन त्रिकोणावर खिळते. परंतु वेळ सांगणारा त्रिकोण वेगळाच आहे, आणि तो दगडात कोरलेला नाही. मनाने आखावा लागतो.

पश्चिमेकडील कंसाचा मध्य भिंतीच्या कडेवर असतो. त्यास म म्हणू. कंसाचे जे टोक भिंतीच्या तळाशी आहे आणि जेथे सावली बरोबर माध्यान्ही येते, ते अ. या क्षणी सावलीची कड कंसावर जेथे आहे, तो बिंदू ब. आता मअ आणि मब या दोन्ही एकाच वर्तुळाच्या त्रिज्या असल्याने त्या समान आहेत, आणि म्हणून मअब हा समद्विभुज त्रिकोण झाला. समान भुजा जेथे मिळतात तो शीर्षकोन म. उरलेले अ आणि ब हे पायालगतचे कोन.

सूर्य एका घटकेत, म्हणजे २४ मिनिटांत, ६ अंश सरकतो. माध्यान्हास पाच घटका अवकाश असेल तर म हा कोन ३० अंशांचा. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश. तीतून ३० वजा जाता १५० उरले. पायालगतचे दोन्ही कोन समान असल्याने प्रत्येकाच्या वाट्यास ७५ अंश आले. एवढेच गणित आहे. मात्र ‘समान असल्याने’ या दोन शब्दांवर त्याचा सगळा भार आहे, आणि पाठांतर करणारा विद्यार्थी नेमका तेथेच थांबत नाही.

ते समान का असावेत? यूक्लिडाने पहिल्या पुस्तकातील पाचव्या सिद्धान्तात याची सिद्धता दिली आहे. ती नवशिक्यांना इतकी अवघड जाई की युरोपात त्या सिद्धान्ताला गाढवांचा पूल असे नाव पडले. पुढे पॅपस या अलेक्झांड्रियाच्या गणितज्ञाची म्हणून एक सोपी वाट प्रसिद्ध झाली. मअब हा त्रिकोण उचलून उलटा करा, म्हणजे अ च्या जागी ब आणि ब च्या जागी अ येईल असा ठेवा. मअ ही मब वर बसते, मब ही मअ वर बसते, मधला कोन तर तोच आहे. दोन भुजा व त्यांमधील कोन जुळल्यावर उरलेले जुळणारच. तेव्हा अ हा कोन ब या कोनाएवढा. एकही जादा रेषा काढावी लागली नाही.

आपल्या जुन्या गणितकारांना हा त्रिकोण अपरिचित नव्हता. ते त्यास द्विसम म्हणत, आणि शिरोबिंदूपासून टाकलेला लंब पायाचे दोन समान भाग करतो हे जाणत. ज्योतिषातील ज्या ही राशी अशा अर्ध्या पायापासूनच निघते. परंतु त्यांचा व्यवहार भुजा, लंब, कंस आणि ज्या यांच्याशी असे. त्रिकोणाचे कोन मोजावेत, त्यांची बेरीज करून उणा कोन काढावा, ही त्यांची रीत नव्हे. ती रीत संस्कृतात आली जयसिंहांच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राटाच्या ‘रेखागणित’ ग्रंथाने. हा ग्रंथ यूक्लिडाच्या अरबी संस्करणावरून केलेला अनुवाद आहे. अनुवादकाचे काम केवळ शब्दांची अदलाबदल असते असे मानणाऱ्यांनी तो अवश्य चाळावा.

काशीच्या संस्कृत पाठशाळेत हा विषय शिकविण्यासाठी १८४२ मध्ये नेमले गेले ते बापूदेव शास्त्री. गोदावरीकाठच्या टोके गावचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. जन्म १८२१ चा, आरंभीचे शिक्षण नागपुरास. त्यांनी सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर केले, आणि मानमंदिरातील यंत्रांचे वर्णनही लिहिले. १७९१ मध्ये स्थापन झालेली ती पाठशाळा आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते.

आता उलट बाजूने पाहू. अ पासून ब पर्यंत सुतळी ताणली आणि पायालगतचा कोन ७२ अंश भरला. दोहोंचे मिळून १४४. म्हणून शीर्षकोन ३६ अंश, आणि माध्यान्हास सहा घटका, म्हणजे २ तास २४ मिनिटे अवकाश आहे. (ही वेळ मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहिल्यास काही मिनिटांचा फरक पडेल. वाराणसीचे रेखांश ८३ अंशांच्या आसपास असल्याने प्रमाणवेळेशी अंतर दोनच मिनिटांचे आहे. पण सूर्याची गती वर्षभर एकसारखी भासत नाही, त्याचा फरक काही दिवशी पंधरा मिनिटांपर्यंत जातो.)

यंत्रावर शीर्षकोन कोणता हे उघडच दिसते. प्रश्नपत्रिकेत तसे नसते. ‘समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन ५० अंश आहे, उरलेले काढा’ असा प्रश्न आला तर उत्तरे दोन आहेत: ५० हा शीर्षकोन असेल तर ६५ आणि ६५, पायालगतचा असेल तर ५० आणि ८०. एकच उत्तर लिहिणाऱ्यास पूर्ण गुण देणारा परीक्षक प्रश्न अर्धाच समजलेला असतो. दिलेला कोन काटकोन वा त्याहून मोठा असेल तरच शंका उरत नाही, कारण तसे दोन कोन एका त्रिकोणात मावत नाहीत. १०० दिला तर तो शीर्षकोनच, आणि बाकीचे ४० व ४०. दिलेला कोन ६० असल्यासही दोन्ही वाटा एकाच उत्तराशी येतात.

हे सारे सपाट पृष्ठावरचे झाले. गोलावर १८० ची बेरीज टिकत नाही. वाराणसी आणि मुंबई यांच्यामधून जाणारी दोन रेखावृत्ते उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत आखली, तर दोन समान भुजांचा त्रिकोण तयार होतो. त्याचे पायालगतचे दोन्ही कोन काटकोन आहेत. आपल्या नियमाने शीर्षकोन शून्य यावयास हवा. प्रत्यक्षात तो सुमारे १० अंशांचा आहे. येथे पायालगतचे कोन कितीही काळजीपूर्वक मोजले तरी शीर्षकोन निघत नाही. तो काळावरून काढावा लागतो: वाराणसीस माध्यान्ह झाल्यावर मुंबईस ते सुमारे ४० मिनिटांनी होते.