सुपातली धूळ

विष म्हटले की आपल्याला साप आठवतो, नाहीतर उंदीर मारायचे औषध. उर्दूत त्याला आपण जहर म्हणतो. साप चावला की आरडाओरड होते, शेजारीपाजारी धावतात, मिळेल त्या वाहनाने माणसाला दवाखान्यात नेतात. अशा विषाला सगळे घाबरतात आणि घाबरतात म्हणून जपतात. पण काही विषे आपल्या घरातच राहतात. त्यांचा वास आपल्या ओळखीचा असतो. ती आज मारत नाहीत. वीस-पंचवीस वर्षांनी त्रास सुरू होतो, आणि तोपर्यंत तो कशामुळे झाला हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण तुम्ही शिकला आहात. उर्दूत हीच गोष्ट ‘कतरा कतरा दरिया’ अशी सांगतात. बचतीचे महत्त्व सांगताना आपण ती वापरतो. पण शिसे या धातूलाही ती लागू पडते. शिसे धुळीतून किंवा अन्नातून पोटात जाते. त्यातले काही बाहेर पडते, बाकीचे हाडांत जाऊन बसते आणि तेथे अनेक वर्षे राहते. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा फार अपाय होतो. भारतात 2000 साली शिसे मिसळलेल्या पेट्रोलची विक्री बंद झाली, ती याच कारणामुळे. पेट्रोल गेले, पण सुरमा घरात आहे. काही सुरमे गॅलेना नावाच्या काळ्या, चमकदार दगडापासून करतात. हा दगड म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. तान्हे मूल डोळे चोळते आणि तेच बोट तोंडात घालते. तेव्हा ज्या सुरम्यात काय आहे हे माहीत नाही, तो बाळाच्या डोळ्यांत घालू नये. यावरून दादीशी भांडू नका; डबीवर काय लिहिले आहे ते मात्र त्यांना वाचून दाखवा.

शिसे शरीरात साचते. दुसऱ्या काही विषांचे तसे नाही. ती एक-दोन दिवसांत शरीराबाहेर जातात. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आत येतात, तिसऱ्या दिवशी पुन्हा येतात. विष साचत नाही, पण त्याने केलेले नुकसान साचत जाते. आपल्या सोलापुरात असे एक विष हजारो घरांत रोज येते. ते म्हणजे तंबाखू.

तंबाखू आपल्या देशातली नाही. ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोकांनी ती भारतात आणली आणि सोलापूरच्या शेजारच्या विजापुरात ती लवकरच पोहोचली. अकबर बादशहाचा दूत असद बेग विजापूरच्या दरबारी गेला होता. तेथे त्याने ही नवलाची वस्तू पाहिली आणि 1604-05 च्या सुमारास ती आग्र्याला नेली. सोबत रत्नजडित नळीही नेली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. पण हकीमाने पुढे घेऊ दिले नाहीत. ज्या वस्तूची आपल्या जाणत्यांनी पारख केलेली नाही, ती केवळ परके लोक वापरतात म्हणून आपण का घ्यावी, असे हकीमाचे म्हणणे होते. असद बेगने पुष्कळ वाद घातला. दरबारातल्या अमीर-उमरावांना मात्र तंबाखूची गोडी लागली. पुढे 1617 साली जहांगीर बादशहाने तिच्यावर बंदी घातली. बंदी टिकली नाही, तंबाखू टिकली. त्या हकीमाचे ऐकले असते तर बरे झाले असते, असे कोणालाही वाटेल.

तंबाखूच्या झाडात निकोटीन नावाचा पदार्थ तयार होतो. तो झाडाच्या मुळांत तयार होऊन पानांत येतो. पान खाणाऱ्या किड्यांपासून झाडाचे रक्षण करणे, हे त्याचे काम. म्हणजे मुळात ते किडे मारण्याचे औषधच आहे. पूर्वी शेतकरी पिकावर तंबाखूचा अर्क फवारत, तो याच कारणासाठी. 1828 साली जर्मनीतील पोसेल्ट आणि राइमान या दोन संशोधकांनी निकोटीन तंबाखूपासून प्रथम वेगळे केले.

आता आपल्या घरांकडे वळू. सोलापूरच्या पूर्व भागात पुरुष यंत्रमागावर आणि बायका विडीच्या कामावर, अशी अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जगली आहेत. त्यांत तेलुगू बोलणारी पद्मशाली घरे आहेत, तशी आपल्यासारखी उर्दू बोलणारी घरेही आहेत. आपण बोलताना बिडी म्हणतो, मराठीत विडी असे लिहितात. ज्या झाडाच्या पानात ती वळतात त्याला तेंदू म्हणतात. त्याचेच दुसरे मराठी नाव टेंभुर्णी. माढा तालुक्यात या नावाचे गावही आहे. पाने मात्र लांबून, गोंदिया-गडचिरोलीच्या आणि मध्य प्रदेशाच्या जंगलांतून येतात.

बाई कारखान्यातून पाने आणि तंबाखू घेऊन घरी येते. पाने भिजवते, कात्रीने सारख्या मापाची कापते. मग सूप मांडीवर घेऊन बसते. पानावर चिमूटभर तंबाखू पसरायची, पान वळायचे, दोऱ्याने बांधायचे, तोंड दुमडायचे. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायला सकाळची संध्याकाळ होते.

येथे थोडे गणित करू. एका विडीत साधारण पाव ग्रॅम तंबाखू असते. हजार विड्या म्हणजे अडीचशे ग्रॅम, म्हणजेच पाव किलो. वर्षातून तीनशे दिवस काम केले, तर पंचाहत्तर किलो तंबाखू तिच्या बोटांखालून जाते. वीस वर्षांत दीड हजार किलो. ही बाई कधी विडी ओढत नाही, कधी तंबाखू खात नाही. तरीही निकोटीन तिच्या अंगात जाते, कारण ते कातडीतून आत शिरू शकते आणि कातडी ओली असेल तर अधिक लवकर शिरते. विडीचे पान ओले असते हे आपण पाहिलेच. निकोटीन शरीरात गेले की त्याचे कोटिनीन बनते. तंबाखूचे कोणतेही व्यसन नसलेल्या विडी कामगारांच्या लघवीतही संशोधकांना कोटिनीन सापडले आहे. म्हणून डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे या तक्रारी या घरांत नेहमीच्याच असतात. ‘उन्हामुळे झाले असेल’ असे म्हणून बायका पुन्हा सूप ओढतात.

दुसरी वाट नाकाची. तंबाखू चाळताना, सूप झटकताना बारीक धूळ उडते. ती डोळ्यांत जाते, घशात जाते, फुप्फुसांत उतरते. वर्षानुवर्षे असे चालले की खोकला राहू लागतो, जिना चढताना दम लागतो, दम्याचा त्रास असेल तर तो वाढतो. आणि ही धूळ एकट्या आईच्या वाट्याला येत नाही. एका खोलीचे घर असेल तर तेथेच चूल, तेथेच पाळणा, तेथेच अभ्यास. विडी कामगार महिलांच्या सहकारी संस्थेने कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने 10,000 घरांची वसाहत उभी केली. 2006 साली त्या वेळचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे कामगारांना मिळाली. स्वतःचे घर मिळणे ही केवढी मोठी गोष्ट! पण ज्यांना अशी जागा मिळाली नाही, त्यांच्याकडे तंबाखू अजून उशाशीच असते.

तिसरी वाट तोंडाची, आणि ती आपण स्वतःच उघडतो. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि तिने दात घासायचे. हीच मिश्री. दात मजबूत होतात, असा अनेकींचा समज आहे. खरे पाहता दात मजबूत होत नाहीत, सवय मजबूत होते. मग दिवसातून एकदाची दोनदा होते, दोनदाची चारदा होते. मुंबईत गरोदर स्त्रियांची पाहणी करण्यात आली होती. तिचे निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाले. मिश्री किंवा तशी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन जन्मतः सरासरी 105 ग्रॅम कमी भरले होते. बाळाने काही तोंडाला लावले नव्हते. त्याला ते आईच्या रक्तातून मिळाले.

तरुण मुलांचे विष वेगळ्या वेष्टनात येते. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, तरी चोरून विक्री चालतेच. गुटख्यातल्या सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा कडक होते आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. तुमची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, ते पाहा. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा चट्टा किंवा बरी न होणारी जखम असेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे. अशा चट्ट्याचा पुढे कर्करोग होऊ शकतो. कर्करोग लवकर कळला तर उपचार चांगला लागू पडतो. आपल्याच जिल्ह्यातील बार्शी येथे 1987 पासून ग्रामीण भागातील कर्करोग्यांची नोंद ठेवली जाते. ग्रामीण भागासाठी अशी नोंदणी भारतात प्रथम तेथेच सुरू झाली. तेथील कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगू लागले. त्यानंतर गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असलेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकर रुग्णालयात येऊ लागल्या, असे दिसून आले.

हा पाठ वर्गात शिकवताना एखादी मुलगी नक्की विचारेल, “मग अम्मीने काम सोडायचे का?” प्रश्न रास्त आहे. त्या कामावर घराचे भाडे, धाकट्याची फी आणि ईदचे कपडे अवलंबून असतात. दुसरे काम हाती नसताना हे सोडा म्हणणे सोपे, पण उपयोगाचे नाही. हातमोजे घाला असेही सांगतात. पण मोजे घातले की बोटांना पानाचा अंदाज लागत नाही, हे विडी वळणारी कोणीही सांगेल.

जे घरात करता येईल ते करावे. तंबाखू चाळायची तर अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, नाकावर ओढणी बांधून चाळावी. तंबाखू झाकणाच्या डब्यात ठेवावी. चुलीजवळ आणि पाळण्याजवळ ठेवू नये. खोली कोरड्या झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. काम थांबले की साबणाने हात धुवावेत, भाकरी थापण्याआधी आणि बाळाला घेण्याआधी तर नक्कीच. नुसते पाणी पुरत नाही. 1986 च्या बालकामगार कायद्याने विडी बनवण्याच्या कामाला मुले लावण्यास मनाई केली होती, पण घरच्या माणसांसोबत घरी केलेले काम त्यातून वगळले होते. त्यामुळे शाळा सुटल्यावर आईशेजारी सूप घेऊन बसणारी मुलगी कोणाच्या मोजणीत आली नाही. ती बहुधा आपल्याच वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर बसलेली असते.

शब्दार्थ

अपाय – नुकसान
दूत – राजाचा निरोप नेणारा माणूस, सफीर
पारख – परीक्षा, जाँच
अर्क – काढलेला रस
सूप – धान्य पाखडण्याचे साधन. यातच विडीचे सामान ठेवतात
वेष्टन – वरचे आवरण
रास्त – योग्य

स्वाध्याय

1. शिसे आणि निकोटीन यांच्या परिणामांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?
2. अकबराच्या हकीमाचे म्हणणे तुमच्या शब्दांत लिहा.
3. ‘दात मजबूत होत नाहीत, सवय मजबूत होते’ या वाक्याचा अर्थ सांगा.
4. एक बाई रोज सातशे विड्या वळते. वर्षातून 280 दिवस काम केले, तर किती किलो तंबाखू तिच्या हातांखालून जाईल?
5. तुमच्या घरी किंवा शेजारी विडीचे काम चालत असेल, तर तंबाखू कोठे ठेवतात ते पाहा आणि पाच-सहा वाक्यांत लिहा.