सांगलीचा सूत्रधार आणि दूरचित्रवाणीवरील संगीतकार

दूरचित्रवाणीवरील मालिकांना संगीत देणाऱ्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद मागील सत्रात आमच्या वर्गात निघाला. कोणी ‘रामायणा’चे नाव घेतले, कोणी ‘आभाळमाये’चे. २०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत ‘रामायण’ पुन्हा दाखविण्यात आल्यामुळे ती मालिका आईबापांइतकीच मुलांच्याही ओळखीची आहे. वाद बराच रंगला. परंतु ‘चाल गोड आहे’ यापलीकडे कोणाचेही प्रमाण जाईना. साखर गोड आणि आंबाही गोड. तेवढ्यावरून दोहोंची तुलना होत नाही. संगीतकाराची परीक्षा करावयाची तर त्याच्याकडे काम कोणते सोपविले होते, हे आधी पाहिले पाहिजे. आणि ते पाहण्यास आपणांस फार दूर जावयास नको; सांगलीस गेले म्हणजे पुरे.

इ. स. १८४३ मध्ये सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला. कर्नाटकातून आलेल्या एका मंडळीचे खेळ आप्पासाहेबांनी पाहिले होते. तसेच काही मराठीत, पण अधिक नीटनेटके व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. या नाटकात गाण्याचा भार सूत्रधारावर असे. तो एका बाजूस उभा राहून पद म्हणे, त्यातून कथा पुढे सरके. पात्रे त्याबरहुकूम हावभाव करीत आणि पद संपले म्हणजे त्याच आशयाचे भाषण आपल्या मनाने करीत. म्हणजे सीता रडे, पण तिचे दुःख गाई सूत्रधार. ज्यांनी कीर्तनातील आख्यान ऐकले आहे त्यांस यात नवल वाटणार नाही. (सातारकरांस येथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण होईलच. १९१७ साली ते साताऱ्यास येऊन राहिले. अभंग आणि भजन या आपल्याच साधनांनी ख्रिस्ताची कथा मराठी माणसाच्या कानी घालावी, असा त्यांचा आग्रह होता.)

पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले आणि पात्रे स्वतःच गाऊ लागली. आता संगीतकाराचे काम पालटले. कथा सांगण्याऐवजी मनुष्य उभा करणे हे त्याचे काम झाले. याचा उत्तम दाखला सांगलीचेच सुपुत्र कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या दोन नाटकांत मिळतो. ‘मानापमान’ १९११ चे, ‘स्वयंवर’ १९१६ चे. नाटककार एक, नायिकेच्या भूमिकेत बालगंधर्वही तेच; संगीतकार मात्र दोन. ‘मानापमाना’स गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. ते नामांकित पेटीवादक. ठुमरी, दादरा यांसारख्या उत्तरेकडील नखरेल प्रकारांतून त्यांनी चाली घेतल्या, आणि श्रीमंतीच्या तोऱ्यात वाढलेल्या भामिनीस त्या शोभल्या. ‘स्वयंवरा’च्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. त्यांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या संपादन केली होती. त्यांनी रुक्मिणीच्या मुखी यमन, बिहाग, भीमपलास यांसारखे भारदस्त राग घातले. राजकन्येचा निश्चय ठुमरीच्या मुरडीत व्यक्त झाला नसता, आणि भामिनीचा रुसवा ख्यालाच्या संथ चालीत गुदमरला असता. श्रेष्ठ कोण, हा प्रश्न येथे निरर्थक ठरतो, असे आम्हांस वाटते. एक दोष मात्र दोन्ही नाटकांच्या प्रयोगांत शिरला. ‘वन्समोअर’ घेता घेता रात्र सरे, आणि कथा बिचारी पडद्याआड तिष्ठत बसे.

आता दूरचित्रवाणीकडे वळू. येथे पात्रे बहुधा गात नाहीत. गाणारा पुन्हा बाजूस जाऊन उभा राहिला आहे. किंबहुना, मालिकांचा संगीतकार हा टेंबे-बखल्यांचा वारस नसून भाव्यांच्या सूत्रधाराचा वारस आहे, असे आमचे मत आहे. २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झालेल्या ‘रामायणा’त रवींद्र जैन यांनी नेमके हेच केले. राम वनास निघतात, मुखाने काही बोलत नाहीत. वरून चौपाईचे स्वर येतात आणि जे घडत आहे ते सांगतात. तुलसीदासांच्या चौपायांना जैनांनी साधा, ओळखीचा, घरातील वडीलधारी मंडळीही गुणगुणतील असा सूर दिला, आणि पुष्कळ ठिकाणी तो स्वतःच गाइला. नवे काही ऐकविण्याची हौस त्यांनी धरिली नाही. कित्येक रसिक यास उणेपणा समजतात. आम्ही समजत नाही. कारण आख्यान लावणाऱ्याने श्रोत्यांस चालीच्या कोड्यात गुंतवून ठेवले तर कथा कोण ऐकणार?

याच्या उलट रीत वनराज भाटिया यांची. लंडन येथील रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक या संस्थेत आणि पुढे पॅरिस येथे नादिया बूलांजे यांच्यापाशी त्यांनी पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केला होता. १९८८ साली श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही ५३ भागांची मालिका आली. पंडित नेहरूंच्या ग्रंथावरील या मालिकेच्या आरंभासाठी भाटियांनी ऋग्वेदातील नासदीय सूक्त घेतले. सृष्टीच्या पूर्वी काय होते, असा त्या सूक्ताचा प्रश्न. म्हणून चालही प्रश्नासारखीच आहे. समूहाचा स्वर जणू अंधारातून उठतो. संस्कृत ऋचांमागून येणारा हिंदी अनुवाद वसंत देव यांचा. हा सूर प्रथम ऐकताना मूल बिचकते, हे आम्ही पाहिले आहे. आणि तेच योग्य होय. जैनांचा सूत्रधार कथा जाणतो, म्हणून तो निश्चिंत आहे. भाटियांचा सूत्रधार शोधावयास निघाला आहे. त्याने निश्चिंत होऊन कसे चालेल? बलदेव राज चोप्रा यांच्या ‘महाभारता’चे संगीतकार राजकमल हे या दोहोंत पहिल्याच्या जवळचे, तेथे निवेदन करणारा ‘समय’ गद्यात बोलतो, हा विशेष.

मराठी मालिकांत अशोक पत्की यांचे काम आणखी निराळे. त्यांच्या वाट्यास आख्यान आले नाही, आले केवळ शीर्षकगीत. म्हणजे सूत्रधाराची नांदी तेवढी. ‘आभाळमाया’ १९९९ साली सुरू झाली. मंगेश कुलकर्णी यांचे शब्द आणि देवकी पंडित यांचा स्वर घेऊन त्यांनी जे गीत बांधिले, ते पुष्कळांस कथानक विसरल्यावरही आठवते. मिनिटभराचा अवकाश, भागामागून भाग तेच ऐकावयाचे, तरी वीट येऊ नये, आणि स्वयंपाकघरातील माणूस हातचे काम टाकून बाहेर यावा! हे काम वाटते तितके सोपे नाही. राग मांडण्यास येथे जागा नाही. पहिल्या ओळीतच घराचा सगळा स्वभाव सांगून मोकळे व्हावे लागते.

अलीकडील पुष्कळ मालिकांविषयी मात्र पालकांची तक्रार आम्हांस मान्य आहे. कोणी दार उघडले तरी गडगडाट, कोणी चहाचा पेला ठेवला तरी गडगडाट, आणि एकाच चेहऱ्यावर तीनदा झोत टाकून तिन्ही वेळा तोच आघात. भाव्यांच्या सूत्रधाराने प्रत्येक शब्दास झांज वाजविली असती तर आप्पासाहेब दुसऱ्या प्रयोगास बसले नसते.

वर्गातील वाद मिटावा म्हणून आम्ही मुलांस एक अभ्यास दिला. एक भाग पडद्याकडे पाठ करून केवळ ऐकावा, आणि संगीतावरून प्रसंग ओळखून वहीत लिहावा. बहुतेकांस ‘रामायण’ ओळखता आले. चालू मालिकांत निम्म्याहून अधिक उत्तरे चुकली. एका मुलाने मात्र सर्व बरोबर लिहिले होते. विचारता कळले की ती उत्तरे त्याच्या आजींची. त्यांची दृष्टी काही वर्षांपूर्वी गेली असून त्या रोज मालिका अशाच ऐकतात. चांगल्या मालिकेत त्यांना कोणी काही सांगावे लागत नाही. वाईट असली तर ‘आता काय झाले रे?’ असे त्या नातवास पुनःपुन्हा विचारतात. रवींद्र जैन हे जन्मांध होते, हे त्या मुलाने आजींस सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “तरीच.”