आधी कापड, मग मशीन

सातारा

चि. मैत्रेयीस,


मशीन घरी आलं आणि तू सुरुवातच खणाच्या ब्लाउजने करणार आहेस, असं ताई फोनवर म्हणाली. तो खण अजून काही महिने कपाटात राहू दे. ब्लाउज म्हणजे शिवणातला सगळ्यात अवघड कपडा. हातभर कापड, त्यात टक्स, मुंढा, गळा, बाही, हुकपट्टी, अस्तर, आणि एवढं करून तो अंगाला नेमका बसायला हवा. तिथून सुरुवात करणाऱ्या मुली लवकरच मशीनवर इस्त्रीच्या घड्या ठेवायला लागतात, हे मी शिवणवर्गात फार वेळा पाहिलंय. तुझ्या हातात कला आहे. तुझं तसं व्हायला नको.

मशीनबद्दल तुझ्या मनात खंत आहे, हेही कळलं. जुनं, काळं, पायाचं. झिगझॅग नाही, भरतकाम नाही. अगं, मी या पत्रात मशीनवर जे जे शिवायला सांगणार आहे ते सगळं एका सरळ टिपेवर होतं. सरळ टीप सरळ येणं हीच मोठी विद्या आहे, आणि ती या मशीनवर नव्या मशीनइतकीच, बऱ्याचदा जास्त सुबक येते. यंत्रांविषयी एवढी शंका बाळगणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली बोलताना शिलाई मशीनचा अपवाद केला होता. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने ते मशीन तयार केलं, अशी त्यामागची त्यांची भावना होती. माणसाचा शीण हलका करणारं यंत्र त्यांना हवं होतं. तुझ्या घरी आलेलं मशीन त्याच जातीचं आहे, त्याला कमी लेखू नकोस.

माझं मुख्य सांगणं मशीनबद्दल नाहीच, कापडाबद्दल आहे. चोळामोळा झालेली टीप, एका धुण्यात आखूड झालेला परकर, एका बाजूला लोंबणारी पिशवी, या सगळ्यांचा दोष शिकणारी मुलगी आपल्या हाताला देते. बहुतेक वेळा दोष कापड न ओळखण्याचा असतो.

पुण्याच्या रविवार पेठेतून तीन मीटर मांजरपाट आण. पन्हा 44 इंची बघ. आणल्या आणल्या कात्री लावू नकोस. रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेव, सकाळी न पिळता सावलीत वाळत घाल, आणि थोडं ओलसर असतानाच इस्त्री कर. खळ निघून जाईल आणि आटायचं तेवढं आटून घेईल. मांजरपाट बऱ्यापैकी आटतं. सुती अस्तरही आटतं, आणि न भिजवलेलं अस्तर लावलेला ब्लाउज पहिल्या धुण्यानंतर आतून ओढल्यासारखा दिसतो. रंगीत सुती कापड असेल तर ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासून पाहा. रुमालाला रंग लागला तर ते कापड पांढऱ्याबरोबर एका वस्तूत शिवायचं नाही.

मग कापड दोन्ही हातांत धरून ओढून बघ. काठाला समांतर जातो तो उभा धागा, तो फारसा ताणत नाही. आडवा थोडा ताणतो. आणि तिरकं धरून ओढलंस तर कापड रबरासारखं लांबतं. ज्यावर वजन येणार ते सगळं, म्हणजे पिशवीचे बंद, परकराची लांबी, पडदे, उभ्या धाग्यावर कापायचं. जिथे वळण आहे, गळ्याची गोलाई किंवा गोल कडा, तिथे लावायची पट्टी तिरक्या कापडाची. कडा सरळ आहे की नाही याची खात्री करायची असेल तर आडवा एक धागा सुईने उचलून अलगद ओढ. तो निघाला की मागे जी बारीक रेघ उमटते, तिच्यावरून कात्री चालव. मांजरपाट तर काठाला छोटी चीर देऊन सरळ फाडताही येतं. दुकानदार तसंच करतात.

तुझ्या खणाचीही एक परीक्षा घे. बाजारात खण म्हणून आज जे मिळतं त्यातलं पुष्कळ, खण जिथे विणला जातो त्या गुळेदगुड्डच्या मागावर विणलेलं नसतं, त्यात पॉलिएस्टर असतं. कडेचे दोन-तीन धागे काढून चिमट्यात धर आणि मोरीत उभी राहून काडी लाव. कागद जळल्यासारखा वास आणि हलकी राख आली तर सूत. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टर निघालं म्हणून फेकायचं नाही, पण त्याला इस्त्री कोमट लागते आणि उन्हाळ्यात ते अंगाला त्रास देतं, हे शिवण्याआधी माहीत हवं.

सुई कापडाप्रमाणे बदलायची. मलमल, रेशीम, अस्तर यांना 11 नंबर, पॉपलीन, मांजरपाटाला 14, जीन्सला 16, आणि जीन्सचे तीन-चार थर एकत्र आले तर 18. सुईला एका अंगाला लांब खाच असते, दोरा त्याच अंगाने ओवायचा. सुई बोथट झाली की टीप सुटायला लागते आणि टक टक असा आवाज येतो. तेव्हा टेन्शनचा स्क्रू फिरवत बसू नकोस, आधी सुई बदल. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला तर वरचा दोरा काढून पुन्हा ओव, आणि ओवताना मशीनचा पाय वर उचललेला असू दे, म्हणजे दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसतो. दहातल्या नऊ वेळा एवढ्यावर भागतं. कापड कधीही मागून ओढायचं नाही. ते पुढे नेण्याचं काम खालचे दाते करतात. आपण ओढलं की सुई वाकते आणि तुटते. आणि तेल मशीनचंच घाल. खोबरेल घालून ठेवलेली कितीतरी मशिनं थंडीत जाम होतात. तेल घातल्यावर जुन्या चिंधीवर दोन-चार टिपा मार, म्हणजे डाग तुझ्या कामावर पडणार नाही.

आता शिवायचं काय? पहिली वस्तू पिशवी. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर 2018 साली राज्यात बंदी आली, त्यानंतर दुकानांत कापडासारख्या दिसणाऱ्या पातळ रंगीत पिशव्या आल्या. त्यातल्या बहुतेक कापडाच्या नाहीतच, पॉलीप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच आहेत. घरी शिवलेली मांजरपाटाची पिशवी वर्षानुवर्षं टिकते, धुता येते, आणि फाटली की तिची पुसणी होते. घरातल्या प्रत्येकाला एक शिवून दे, तेवढ्यात तुझी टीप सरळ होईल.

त्यासाठी 18 बाय 20 इंचांचे दोन तुकडे काप. आता एक गोष्ट शिक, ती तुला आयुष्यभर पुरेल: फ्रेंच शिलाई. दोन्ही तुकड्यांच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून, सुलट बाजू बाहेर ठेवून, दोन्ही कडा आणि तळ पाव इंचावर शिव. माया, म्हणजे टिपेबाहेरचं कापड, कातरून बारीक कर, कोपरे छाट, पिशवी उलटी कर, शिलाईवर नखाने दाबून इस्त्री फिरव, आणि मग तीन सूत, म्हणजे पाव इंचाहून थोड्या जास्त, अंतरावर दुसरी टीप मार. कापडाची सुटी कड दोन टिपांच्या मध्ये बंद झाली. दोरे निघणार नाहीत, ओव्हरलॉकच्या मशीनची गरज नाही. तुझ्या काळ्या मशीनवर झिगझॅग नसल्याचं दुःख इथे संपतं.

तळाला बसकट यायला हवी, नाहीतर कांदे-बटाटे एका कोपऱ्यात जमतात. पिशवी उलटीच असताना कोपरा असा उघड की बाजूची शिलाई तळाच्या शिलाईवर बरोबर आडवी येईल. त्रिकोण होईल. जिथे त्याची रुंदी चार इंच भरते तिथे खडूने रेघ आख आणि तिच्यावर दोनदा टीप मार. दुसरा कोपरा तसाच. बंदांसाठी 24 इंच लांब आणि चार इंच रुंद पट्ट्या घे, दोन्ही कडा मधल्या रेघेपर्यंत दुमड, पुन्हा मधोमध दुमड, आणि दोन्ही काठांनी टीप मार. पिशवीचं तोंड आधी अर्धा, मग एक इंच दुमडून शिव. बंद लावताना आतून एक ठिगळ ठेव आणि चौकोन शिवून त्यात फुली मार. पिशवी फाटते ती नेहमी बंदाच्या मुळाशी, म्हणून तिथे कंजूषपणा नको. एक मीटरात पिशवी होऊन तुकडे उरतील, ठिगळं त्यातूनच काढ. झाल्यावर पाच किलो बटाटे भरून बाजारातून पायी घरी आण. टिकली तर पुढची शिव, उसवली तर कुठे उसवली ते बघ.

दुसरी वस्तू उशीचा अभ्रा, बटणं नाहीत, चेन नाही. आपल्याकडची साधी उशी 17 बाय 27 इंचांची असते. 19 इंच रुंद आणि 62 इंच लांब अशी एकच पट्टी काप: समोरची बाजू 27, मागची 27, आत जाणारं झाकण 6 आणि दोन्ही टोकांच्या दुमडीसाठी एकेक इंच. दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून शिव. पट्टी जमिनीवर उलटी बाजू वर करून पसर. एका टोकाने सहा इंच आत दुमड, मग दुसरं टोक वरून आणून त्या घडीपर्यंत टेकव. दोन्ही कडा पाव इंचावर शिव, अभ्रा उलटा कर, कडांवर तीन सूत अंतराने पुन्हा टीप मार, परत सुलट कर. तीच फ्रेंच शिलाई. 44 पन्ह्यात दोन पट्ट्या शेजारी-शेजारी बसतात, म्हणजे पावणेदोन मीटरात उशांची जोडी. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून नाड्या काढ.

प्रत्येक टिपेनंतर इस्त्री, हे मात्र विसरू नकोस. एका शिलाईवरून दुसरी जाणार असेल तर पहिली आधी दाबून बसलेली हवी. मशीनशेजारी इस्त्री तापत नसेल तर शिवायला बसूच नये, इतकं माझं यावर ठाम मत आहे. आणि उसवायचा कंटाळा करू नकोस. वाकडी गेलेली टीप लगेच उसव. वरून दुसरी टीप मारून लपवलेली चूक पुढच्या तीन शिलायांना वाकडं करते.

तिसरी वस्तू हातशिलाईची, कारण तुझी वहिनी पाच महिन्यांची गरोदर आहे आणि बाळाला दुपटी लागणारच. हे काम मशीनवर करू नकोस. मशीनची टीप थर घट्ट दाबते, कापड कडक होतं. हाताच्या धावदोऱ्याने थरांमध्ये थोडी हवा राहते, म्हणून आपल्या वाकळी ऊबदार असतात. त्या शिवायला बसणाऱ्या बायका इंचटेप हातात न धरता नुसत्या नजरेने धावदोऱ्याच्या ओळी समांतर नेतात. ते कौशल्य पैशात मोजलं जात नाही याची मला फार खंत वाटते, आणि तुझ्या पिढीतल्या कुणीतरी ते हातात धरावं अशी मनापासून इच्छा आहे.

जुनी, खूप धुतलेली सुती साडी घे. फॉल उसवून टाक, जरीचा काठ असेल तर काप, तो बाळाच्या कातडीला टोचतो. चार थर चटईवर पसर, मधून कडेकडे तळहाताने सुरकुत्या काढत जा आणि मोठ्या कच्च्या टाक्यांनी थर एकमेकांत धरून ठेव. चारी कडा आत दुमडून शिव. मग काठाला लागून धावदोरा सुरू कर आणि फिरत फिरत आत मध्यापर्यंत ये. दोरा सुती, हातभरच घे, लांब घेतला की गुंततो. गाठ थरांच्या मध्ये ओढून लपव, वर राहिली तर बाळाला रुतते. शेवटी कच्चे टाके काढून दुपटं गरम पाण्यात धू आणि कडक उन्हात वाळव. बटणं, मणी, लोंबत्या नाड्या यांतलं काहीही लावायचं नाही.

यानंतर परकर शिव. कळ्या जोडणं आणि नेफा घालणं त्यात शिकशील. मग झबलं, मग अभ्र्यासारखा सोपा कुर्ता. ब्लाउज त्यानंतर. तेव्हाही खण कापू नकोस. तुला नीट बसणारा एक जुना ब्लाउज पूर्ण उसव, प्रत्येक तुकडा इस्त्री करून खाकी कागदावर ठेव, उभा धागा कुठून जातो ती रेघ आख, टक्सच्या खुणा कर. तो तुझा साचा. त्यावरून आधी मांजरपाटाचा ब्लाउज शिवून अंगात घालून बघ, मुंढ्यात ओढतोय का, गळा उचलतोय का ते आरशात पाहा, साच्यात दुरुस्ती कर. मग खण. बाजूच्या शिलाईला इंचभर माया ठेवायची, पुढे सैल करता येतो.

कात्री एक वेगळी ठेव, फक्त कापडाची. तिने घरात कुणीही कागद किंवा दुधाची पिशवी कापू नये, हे सगळ्यांना बजावून सांग. मेरठची लोखंडी कात्री जड वाटेल, पण धार लावून लावून ती तुझ्या मुलीपर्यंत चालेल.

दुपट्यासाठी माझ्या दोन जुन्या सुती साड्या ताईबरोबर पाठवतेय. मी त्या धुऊन, फॉल काढून ठेवल्यात. हिरवीला मधोमध एक रफू आहे, ते आतल्या थरात घे. सुती दोऱ्याची रिळं बोहरी आळीत मिळतील, पांढरी आणि हिरवी दोन्ही आण. पहिली ओळ झाली की फोटो पाठव.

तुझी,
मावशी