बोहारणीच्या आधी

अगं, काल फोन ठेवल्यावर मला हसूच आलं. सहा महिने झाले, तू फेल्टचे रंगीत तुकडे आणतेयस, दोऱ्याच्या लड्या जमवतेयस, पिंटरेस्टवर पक्ष्यांची चित्रं साठवतेयस, आणि अजून कात्रीचा एक काप नाही. का, तर म्हणे आईची जांभळी इरकल कापायला धीर होत नाही. "ताई, मी ती उघडते, वास घेते आणि परत घडी घालून ठेवते."

आता खरं सांगू का? आईनं ती साडी तुला दिली तेव्हा मी तिथंच होते. तिनं कपाट आवरायला काढलं होतं आणि दुपारी बोहारीण यायची होती. तू मागितली नसतीस, तर त्या इरकलीचं आणि बाबांच्या दोन शर्टांचं मिळून एक झाकणाचं पातेलं घरात आलं असतं, आणि आईनं ते पंधरा दिवस सगळ्यांना दाखवलं असतं. तिला त्या साडीचं काही नाही गं. जे काही आहे ते तुझ्याच डोक्यात आहे.

पण डोक्यात आहे म्हणजे आहे, ते मी नाकारत नाही. म्हणून सांगते, इरकल तूर्त कपाटातच राहू दे. हाताला सवय नसताना जिव्हाळ्याचं कापड पुढ्यात घेतलं की हात थरथरतो आणि काप वाकडा जातो. सुरुवात फेल्टनं कर, कारण फेल्ट चुका पोटात घालतं. त्याला उभा धागा नाही, आडवा धागा नाही, उलट-सुलट बाजू नाही. कसंही काप, कड उसवत नाही. दुमडायची भानगडच नाही. पहिल्या दहा चुका करायला याहून भलं कापड मिळायचं नाही.

मात्र फेल्ट म्हणून दुकानदार काय देतो ते बघून घे. स्टेशनरीच्या दुकानात जे गड्डीनं मिळतं ते बहुतेक सगळं प्लॅस्टिकच्या धाग्याचं, ॲक्रिलिक नाहीतर पॉलिएस्टर. वाईट नाही, सरावाला उत्तमच. पण मला हे कळलं कसं ते ऐक. पहिलं तोरण केलं तेव्हा पानं जरा चुरगळली होती, म्हणून मी आपली कडक इस्त्री फिरवली. हिरवं पान इस्त्रीच्या बुडाला चिकटून वर आलं, पाठोपाठ तो वास, आणि दुसऱ्या दिवशी ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर हिरवा ओघळ. तेव्हापासून नवा तुकडा आणला की मी त्याची कडेची चिमूटभर लव ओढून, चिमट्यात धरून काडी लावते. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरते. प्लॅस्टिक असेल तर वितळून कडक मणी होतो. तूही कर, पण मोरीत उभं राहून कर.

खरं लोकरीचं फेल्ट महाग पडतं. ते घरी करता येतं म्हटलं तर तुला पटणार नाही, पण तू एकदा केलेलं आहेस! दादाचा तो निळा स्वेटर आठवतो? कढत पाण्यात घालून, साबण लावून चांगला चोळलास आणि तो आकसून बाहुलीच्या मापाचा झाला. रडलीस किती. त्याला फेल्टच म्हणतात बाई. लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात. ऊन पाणी, साबण आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात, आपल्या केसांच्या जटा होतात तसे, आणि मग सुटत नाहीत. काश्मीरचा नमदा याच रीतीनं होतो, लोकर पसरून, भिजवून, गुंडाळून, दाबून. विणकामाचा संबंधच नाही. तेव्हा घरात शुद्ध लोकरीचा जुनापाना, कसर लागलेला स्वेटर असेल तर टाकू नकोस. तोच मुद्दाम आटव, वाळव आणि काप. मशीनमध्ये धुता येतो असं लेबल असलेला मात्र नको, त्या लोकरीवर प्रक्रिया केलेली असते, ती आटत नाही.

आता काय करायचं. मोर करू नकोस. मला माहीत आहे तुझ्या मनात मोर आहे; सगळ्यांच्याच असतो. पिसाऱ्याचे साठ डोळे कापता कापता जीव जातो आणि शेवटी दिसतं ते लग्नाच्या रुखवतातल्यासारखं. आपल्या परसात कडीपत्त्यावर बसायचा तो लालबुड्या बुलबुल कर. काळं डोकं, तपकिरी अंग, शेपटीखाली एक लाल टिकली. तीन-चार तुकड्यांत पक्षी उभा राहतो. लाल टिकलीला माझ्याकडचा खणाचा तुकडा देते.

चित्र आधी बटर पेपरवर काढ. फेल्टवर पेन्सिल उठत नाही, आणि बॉलपेन उठतं ते मग जन्मभर उठूनच राहतं. बटर पेपर टाचण्यांनी लावायचा आणि कागदासकट कापायचा. कागद कापायची कात्री वेगळी, कापडाची वेगळी, हे तुला माहीत आहे, पण या कामात दोन्ही एकत्र कापावं लागतं, म्हणून एक तिसरी स्वस्तातली, बारीक टोकाची ठेव. गोलाई घेताना कात्री फिरवायची नाही, डाव्या हातातलं फेल्ट फिरवायचं. सगळे तुकडे कापले की मांजरपाटावर नुसते मांडून बघ. मांजरपाट आधी धुऊन घे, त्यातली खळ जायला हवी आणि आटायचं ते आधीच आटायला हवं. मांडलेल्याचा मोबाइलवर फोटो काढ. रात्री मांडलेलं सकाळी मांजर किंवा कामवाल्या मावशी, कुणीतरी हलवतंच.

आणि आता टाका. इथं थोडी थांब, कारण सगळी गंमत इथं आहे. लडीत सहा पदर असतात. त्यातले दोन घे. दोन्ही एकदम ओढलेस तर गुंता होईल, म्हणून एकेक पदर वरच्या वर काढून मग जोडायचा. दोऱ्याची लांबी बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, बास. मोठा घेतला की वारंवार ओवणं वाचतं असं वाटतं, पण तो फेल्टमधून शंभर वेळा जाऊन जाऊन पिंजतो. गाठ फेल्ट आणि मांजरपाट या दोन थरांच्या मध्ये लपव. मग काज टाका. सुई कडेपासून ज्वारीच्या दाण्याएवढी आत घालायची, टोक कडेबाहेर काढायचं, आणि ओढायच्या आधी दोरा सुईच्या टोकाखाली घ्यायचा. ओढलास की कडेवर दोऱ्याची सरळ रेघ बसते आणि तिला पाय फुटत जातात, कंगव्यासारखे. जोरात ओढलास तर कड मुरडते. सैल सोडलास तर दोरा लोंबतो. मधला ताण सांगून कळत नाही, पंधराव्या-विसाव्या टाक्याला बोटांना आपसूक सापडतो. चोचीसारखं टोक आलं की एकाच भोकातून तीन टाके घ्यायचे, एक अलीकडे, एक नेमका टोकावर, एक पलीकडे. दोन इंच उरले की थांब, आत बारीक पिंजलेला कापूस चिमटीचिमटीनं भर, पेन्सिलीच्या बोथट बाजूनं शेपटीपर्यंत ढकल आणि मग तोंड शिव. फार ठासू नकोस. माझा पहिला बुलबुल बटाट्यासारखा झाला होता.

दोरा कापडाच्याच रंगाचा घेऊन टाके लपवायचा मोह होईल. नको. काळ्या डोक्याला राखाडी दोरा घे. वाकडे टाके दिसतील, दिसू देत. आजीच्या वाकळीवर कुठं लपलेत? ती तर लाल पातळावर पांढऱ्या दोऱ्यानं धावदोरा घालायची, कडेनं सुरू करून आत आत येत. जिथं तिला कुणी हाक मारून उठवलं तिथली ओळ तिरपी झालेली असायची. आपण दोघी त्या तिरप्या ओळीवरून बोट फिरवत झोपायचो. मशीनवरच्या गोधडीवर बोट फिरवायला काय असतं?

असे दोन पक्षी झाले, चार पानं झाली, की मग इरकलीकडे जा. तोवर कात्रीची भीती गेलेली असेल. आणि पदराला हात लावायचा नाहीच आहे. साडी पूर्ण उलगड आणि दुसऱ्या टोकाचा, कमरेला पहिल्यांदा खोचतात तो वीतभर रुंदीचा पट्टा बघ. तो सगळी वर्षं निऱ्यांखाली झाकलेला, त्याला ऊन लागलेलं नाही. आईनं साडी घेतली तेव्हाचा जांभळा तिथं आहे. उरलेल्या साडीचा रंग विटलाय हे तो पट्टा बघेपर्यंत लक्षातही येत नाही. तेवढाच काप. पदर-काठ शाबूत राहतील आणि तुला जो रंग हवा होता तोच मिळेल.

पण कापड म्हणजे फेल्ट नव्हे. उसवतं. पाव इंच जास्त कापून कड आत दुमडावी लागते, गोलाई असेल तिथं आतल्या बाजूनं बारीक काप द्यावे लागतात, आणि मग हेमिंगचा बारीक टाका. नाहीतर शिंप्याकडून पेस्टिंग आण, उलट्या बाजूला इस्त्रीनं चिकटव, मग कड बरीच धरून राहते. आणि रंग जातो का ते आधी बघ. ओल्या पांढऱ्या फडक्यात तुकडा दाबून ठेव तासभर. खणाच्या बाबतीत मी हे केलं नाही आणि एक अख्खं पांढरं बदक गुलाबी झालं. भाचीला तेच आवडलं, ही वेगळी गोष्ट.

तू म्हणालीस, "नुसते पक्षी आणि पानं, त्यात काय एवढं?" चिलीमधल्या बायकांचं मी तुला कधी सांगितलं नाही वाटतं. तिथं १९७३ साली लष्करानं सत्ता घेतली, माणसं उचलून नेली, ती परत आली नाहीत. त्यांच्या आया, बायका, बहिणी सांतियागोमध्ये चर्चच्या आसऱ्यानं एकत्र बसून गोणपाटावर चिंध्या शिवायच्या. त्या चित्रांचं नावच आर्पियेरा, म्हणजे गोणपाट. वर डोंगर, पिवळा सूर्य, इवल्या कापडी बाहुल्या, आणि त्यांच्यात पोलिसांची गाडी किंवा बंद पडलेला कारखाना. काहींत हरवलेल्या माणसाच्याच कपड्याचा तुकडा. लांबून बघितलं तर मुलांच्या खोलीत लावावं असं गोड. तशी ती परदेशी पोचली आणि तिथल्या लोकांना चिलीत काय चाललंय ते कळलं. तुला असलं काही करायचंय असं नाही. पण चिंधीला फक्त शोभेचं समजू नकोस, एवढ्यासाठी सांगितलं. तुझ्या बुलबुलाखाली एक पातेलं कर वाटलं तर. झाकणाचं.

भिंतीवर लावायला फ्रेम करू नकोस, काचेमागं टाके मरतात. वरच्या कडेला मागून कापडाची पट्टी शिवून परकराला असतो तसा नेफा कर आणि त्यातून वेळूची काठी घाल. पश्चिमेच्या, पावसाची झड लागणाऱ्या भिंतीवर नको. ओल येते आणि मांजरपाटावर काळे ठिपके पडतात. समोरून ऊन येणाऱ्या भिंतीवरही नको. लोकर असेल तर कसर लागणार, म्हणून दर दोन महिन्यांनी उतरवून झटक, मागची बाजू उन्हाला दाखव. एवढं केलंस तर टिकतं. सायबेरियात अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथं १९४९ साली एक थडगं उघडलं, त्यात फेल्टचे हंस सापडले, आत भरून शिवलेले. दोन हजारांहून जास्त वर्षं जुने, आणि अजून माना ताठ! थडग्यात पाणी शिरून त्याचा बर्फ झाला होता, म्हणून ना बुरशी ना किडा. आता ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. तुझ्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये बर्फाची सोय नाही, तेव्हा झटकायला विसरू नकोस.

विकायचं म्हणत होतीस. आत्ता नको. मी एकदा प्रदर्शनात स्टॉल लावला होता, अकरा चित्रं नेली आणि तीन खपली. एक बाई उलटसुलट करून म्हणाली, "एवढ्याशा चिंध्यांचे आठशे?" एकेका तुकड्यामागे माझ्या पंधरा-पंधरा संध्याकाळी होत्या, पण त्या तिला कशा दिसणार? मला महिनाभर सुई हातात धरवेना. आधी दहा-बारा कर, घरात लाव, वाट्टेल त्याला दे. मग बघू.

रविवारी ये. इरकल आण, पहिला काप माझ्यासमोर दे. पिशवीतली ती ग्लू गन मात्र तिथंच ठेव. मे महिन्यात भिंत तापली की चिकटवलेलं एकेक पान जमिनीवर येतं. येताना आईलाही घे, तिला तिच्या साडीचा पक्षी कसा होतो ते बघू दे. नाकं मुरडेल, बघेल मात्र पूर्ण वेळ. आणि लेकीला आणच. आजी आपल्याला बसवून एका दमात दहा सुया ओवून घ्यायची आणि उशीला टोचून ठेवायची, आठवतं ना? तेव्हा मला वाटायचं, स्वतः का नाही ओवत ही? आता चष्मा लावूनही मला सुईचं नाक सापडत नाही.