भावनांचा लगाम

आमच्या कोपरगांवीं गोदातीरावर रघुनाथराव पेशव्यांनीं अखेरचे दिवस काढले व १७८३ मध्यें येथेंच त्यांचा अंत झाला. १७५८ मध्यें ज्यांच्या नेतृत्वाखालीं मराठी फौज अटकेपर्यंत पोंचली, त्या वीरावर परक्यांच्या आश्रयास जाण्याची वेळ कां यावी? शौर्य उणें नव्हतें; राग, लोभ व संशय यांस लगाम नव्हता. गादीच्या लोभानें १७७५ मध्यें सुरतेस तह करून त्यांनीं साष्टी व वसई इंग्रजांस देण्याचें कबूल केलें.

त्यांचे पुतणे माधवरावहि तापट होते. परंतु १७६२ मध्यें आलेगांवीं काकांकडून पराभव होतांच, घरची फूट वाढल्यास राज्य बुडेल हें ओळखून ते मानापमान गिळून स्वतः काकांच्या स्वाधीन झाले. पुढच्याच वर्षीं राक्षसभुवनास दोघांच्या फौजांनीं निजामाचा पराभव केला.

आपली व दुसऱ्याची भावना ओळखून विवेकानें वागण्याच्या या शक्तीचें विवेचन १९९० मध्यें सॅलोव्हे व मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं 'भावनिक बुद्धिमत्ता' या नांवानें केलें. ही शक्ति अभ्यासानें वाढते. राग आला असतां 'मला राग आला आहे' असें आपण मनाशीं म्हणावें व उत्तर क्षणभर लांबवावें. वर्गबंधु नापास झाला तर उपदेशापूर्वीं त्याचें दुःख ऐकावें. शेत, दुकान वा कचेरी, कोठेंहि चार माणसांशीं गांठ पडतेच. तेथें हुशारीइतकीच ही समज उपयोगी पडते. पालकांनींहि निकालपत्रक वाचण्यापूर्वीं मुलाचा चेहरा वाचावा. कारण संयम मूल प्रथम घरींच पाहतें व शिकतें.