पोरक्या मुलांचे पालक व त्यांस द्यावयाचा आधार

आईबाप नसलेल्या मुलाविषयीं सर्वांस कळवळा येतो. परंतु जे आजी, मावशी किंवा काका त्यास आपल्या घरीं घेतात, त्यांची विचारपूस क्वचितच होते. ह्या पाठांत आपण त्या पालकांचा विचार करूं.

१. ओझें केव्हां जड होतें?

मुंबई उपनगरांतील मढ येथील कोळीवाड्याचें उदाहरण घ्या. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते. मासळीची वीण व्हावी म्हणून ती योग्यच आहे. परंतु ह्याच जून महिन्यांत शाळा उघडतात. वह्या, गणवेश व छत्री ह्यांचा खर्च नेमका कमाई थांबली असतां अंगावर येतो. मिळवता पुरुष असलेल्या घरींही तेव्हां ओढाताण होते. मग साठविलेले सुके बोंबील विकून नातवंडें वाढविणाऱ्या आजीची काय अवस्था होत असेल? म्हणून ज्यास साह्य करावयाचें आहे, त्यानें सणाची वाट पाहूं नये. मे महिन्यांतच तिच्या दारीं जाऊन काय कमी आहे तें विचारावें.

२. मुलाशीं खरें बोलावें

बाप समुद्रावर वारला, तर 'तो लांब गेला आहे, येईल' असें मुलास सांगण्याचा मोह होतो. हेतु दयेचा असतो. पण तें मूल प्रत्येक होडी येतांना किनाऱ्याकडे धांवतें, आणि खरें कळतें तेव्हां बापाबरोबर सांगणाऱ्यावरील विश्वासही गमावतें. देह सांपडला नसेल, तर ठाऊक आहे तेवढेंच सांगावें: 'आम्हीं पुष्कळ शोधलें, तो सांपडला नाहीं, तो परत येईल असें आम्हांस वाटत नाहीं, पण तूं आमच्यापाशींच राहशील.' तोच प्रश्न मूल दहा वेळां विचारील. दहाही वेळां शांतपणें उत्तर द्यावें. अंथरूण ओलें करणें, चिडणें, शाळा टाळणें, हा पुष्कळदां हट्ट नसून शोक असतो. जेवणाची व निजण्याची वेळ नेमून ठेवावी. ज्याचें सर्व जग हाललें आहे, त्यास ठराविक गोष्टींचा मोठा आधार वाटतो.

३. पालकाचाही शोक

नातवास बाप नाहीं, तसा आजीस पुत्र नाहीं. मुलांपुढें ती डोळे पुसते, रात्रीं रडते. 'तुमचें पुण्य थोर' ह्या शब्दांनीं तिचें ओझें हलकें होत नाहीं. एखाद्या शेजारणीनें आठवड्यांतून एक दुपार मुलें आपल्याकडे न्यावीं, म्हणजे तिला निजतां येईल, औषधास जातां येईल, किंवा मनमोकळें बोलतां येईल.

४. सरकारी साह्य

महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना २००५ सालापासून चालू आहे. २०२३ सालीं तिची रक्कम दरमहा प्रत्येक मुलामागें २,२५० रुपये झाली. नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलांप्रमाणेंच आई किंवा बाप एकच उरलेल्या मुलांसही तिचा लाभ होऊं शकतो. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करावा. बाल कल्याण समिति निर्णय देते. जन्माचा, मृत्यूचा व शाळेचा दाखला आणि शिधापत्रिका जपून ठेवावी. बेपत्ता मनुष्य सात वर्षें ऐकिवांत नसल्यास तो मृत आहे असें कायदा गृहीत धरतो. परंतु मुलाच्या भुकेस सात वर्षें थांबवितां येत नाहीं, म्हणून हकीकत समितीपुढें ताबडतोब मांडावी. मूल संकटांत असल्यास १०९८ ह्या क्रमांकावर फोन करावा. गांवांतील ज्यास लिहितां-वाचतां येतें, त्यानें अर्ज लिहून तेवढ्यावर थांबूं नये. त्या आजीबरोबर कचेरींत जावें. पुष्कळ अर्ज केवळ सोबत नसल्यानें अर्धवट राहतात.

ह्या योजनेस आतां सावित्रीबाई फुले ह्यांचें नांव आहे, तें यथार्थ आहे. त्यांनीं व जोतीरावांनीं एका विधवेचा मुलगा यशवंत ह्यास दत्तक घेऊन वाढविलें. तो डॉक्टर झाला. आणि १८९७ सालच्या प्लेगांत त्याच्या दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा करितांना सावित्रीबाई स्वतः त्या रोगानें मरण पावल्या. परक्याचें म्हणून घेतलेलें मूल, आणि आईच्या अखेरच्या सेवेंत तेंच तिचें सोबती!

५. विचारासाठीं प्रश्न

(१) आपल्या वस्तींत दुसऱ्याचें मूल सांभाळणारीं घरें किती, व कोणतीं?
(२) त्यांपैकीं कोणाचा अर्ज अजून व्हावयाचा आहे? त्यांच्याबरोबर कचेरींत कोण जाईल?
(३) ह्या आठवड्यांत कोणत्या आजीस एक दुपार मोकळी मिळेल?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर बैठक संपण्यापूर्वी नांवानिशीं ठरवावें.